मुंबई पाहावी काठाकाठानं

रोज सकाळी धावणाऱ्या माणसाला परगावी पहिली अडचण येते ती जागेची. केतकी अमरावतीची, पहाटे छत्री तलावाच्या बाजूला धावणारी. जानेवारीत ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी तिला आठवडाभर मुंबईत राहायचं आहे. तिची मावशी मुंबईत नगररचना शिकवते आणि स्वतःही धावते. शहराकडे पाहायची एक रीत त्या दोघींच्या बोलण्यातून उलगडत जाते, म्हणून ते बोलणं इथे मांडलं आहे.

केतकी : मावशी, मुंबईत धावायला चांगल्या जागा शोधायला गेलं की दहा-पंधरा नावं लगेच हाती येतात. मरीन ड्राइव्ह, जुहू, शिवाजी पार्क, बोरिवलीचं जंगल. सगळ्याच म्हणे निसर्गरम्य. मोजक्या सकाळींत यातलं निवडायचं काय?

मावशी : नावं बाजूला ठेव, आधी कसोटी ठरवू. धावणाऱ्याला दोन गोष्टी लागतात. पहिली, न तुटणारी वाट. दर शंभर-दोनशे पावलांवर सिग्नल, आडव्या लावलेल्या गाड्या आणि उखडलेला पदपथ असला की पायांना लय सापडत नाही आणि नजर जमिनीवरच खिळून राहते. दुसरी गोष्ट, डोळ्यांपुढे मोकळं अंतर. मुंबईसारख्या दाट शहराच्या पोटात या दोन्ही एकत्र मिळणं कठीण, कारण तिथे जमिनीचा तुकडान्‌तुकडा कुणाच्या तरी कामात गुंतलेला आहे. त्या मिळतात शहर जिथे थांबतं तिथे. समुद्राच्या कडेला, तलावाच्या बांधाशी, जंगलाच्या सीमेवर, मैदानाच्या कडेनं. मी यांना शहराचे काठ म्हणते. माझं म्हणणं असं की पाहुण्यानं मुंबईत काठ धरून धावावं. त्यानं धावणं तर चांगलं होतंच, शिवाय हे शहर घडलं कसं तेही कळतं, कारण मुंबईचा जवळजवळ प्रत्येक काठ माणसांनी ठरवून आखलेला आहे.

केतकी : मैदानाचं पटलं. पण समुद्राचा काठ माणसं कसा आखतील? तो निसर्गाचाच असणार ना?

मावशी : मुंबईपुरतं ते खरं नाही. मूळची सात बेटं भराव घालून जोडत जोडत हे शहर उभं राहिलं. मरीन ड्राइव्हच घे. आज जिथे पदपथ आहे तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बॅकबेचं पाणी होतं. १९१५ च्या सुमारास चौपाटीच्या बाजूनं काम सुरू झालं, पुढच्या दोन-तीन दशकांत भराव, रस्ता आणि इमारतींची रांग तयार झाली. नरिमन पॉइंटपासून मलबार हिलच्या पायथ्यापर्यंत ही कमान सुमारे ३.६ किलोमीटरची आहे. धावण्याच्या दृष्टीनं तिचं मोल कशात आहे ते बघ. पदपथ समुद्राच्या बाजूला असल्यानं एकही गल्ली त्याला येऊन मिळत नाही, त्यामुळे कुठेही थांबावं लागत नाही. कठड्यापलीकडे चार पायांचे काँक्रीटचे टेट्रापॉड एकमेकांत अडकवून रचलेत. लाट त्यांच्या फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. उजव्या हाताला आर्ट डेको शैलीच्या इमारती दिसतात, बहुतेक सारख्याच उंचीच्या. कोपऱ्यांवर गोल वळणाऱ्या गॅलऱ्या, खिडक्यांवर उन्हापावसासाठी पुढे काढलेले पातळ सज्जे, दर्शनी भागावर आडव्या रेघा. सूर्य या इमारतींच्या मागून उगवतो, त्यामुळे उगवल्यानंतरही काही वेळ पदपथावर ऊन येत नाही. उत्तरेकडे धावत निघालीस तर मलबार हिल आधी डावीकडे पाण्यापलीकडे दिसेल, आणि चौपाटीशी किनारा वळला की तीच टेकडी समोर येऊन उभी राहील. ही वाट कंटाळवाणी होत नाही याचं कारण हे वळण आहे. दर काही मिनिटांनी समोरचं चित्र बदलत राहतं.

केतकी : एवढं सगळं एका जागी असेल तर रोज तिथेच का जाऊ नये?

मावशी : कारण मरीन ड्राइव्ह तुला मुंबईचा एकच काठ दाखवतो. तिथून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर ओव्हल मैदान आहे, तो दुसऱ्याच कारणानं मोकळा राहिलेला काठ आहे. इंग्रजांच्या किल्ल्याभोवती तट होता आणि तोफांच्या माऱ्याला अडथळा नको म्हणून तटाबाहेरची मोठी जागा मोकळी ठेवली होती. तिला एस्प्लनेड म्हणत. १८६० च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना तट पाडला गेला. ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही मैदानं म्हणजे त्या एस्प्लनेडचेच उरलेले भाग. ओव्हलच्या पूर्वेला एकोणिसाव्या शतकातली गॉथिक रांग आहे. तीत जुनं सचिवालय आहे, विद्यापीठाची इमारत आणि राजाबाई टॉवर आहे, आणि १८७८ मध्ये पुरं झालेलं उच्च न्यायालय आहे. पश्चिमेला विसाव्या शतकातली आर्ट डेको रांग. दोन शतकं समोरासमोर उभी आहेत आणि मध्ये पोरं क्रिकेट खेळतात. या दोन्ही रांगा आणि मरीन ड्राइव्हची दर्शनी रांग मिळून ९४ इमारतींचा हा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता विचार कर, ते मैदान बांधून काढलं असतं तर या इमारती एकमेकींना दिसल्याच नसत्या. तिथली शोभा इमारतींइतकीच त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेची आहे.

केतकी : पण मग हे पाहायला चालत जाणंच बरं नाही का? धावताना राजाबाई टॉवरचं कोरीवकाम दिसणार कसं?

मावशी : कोरीवकाम पाहायचं असेल तर चालतच जावं, त्यात वाद नाही. पण शहर म्हणजे सुट्या वास्तूंचा संग्रह नसतो. कशाला लागून काय आहे, चढ कुठे आणि सखल भाग कुठे, किल्ला संपून मैदान कुठे सुरू होतं आणि मैदान संपून समुद्र कुठे, ही मांडणी कळायला एका दमात बरंच अंतर कापावं लागतं. तासभर चाललीस तर पाच किलोमीटर होतील, बेतानं धावलीस तर आठ-नऊ. तेवढ्यात हॉर्निमन सर्कलपासून फ्लोरा फाउंटन, ओव्हल आणि पूर्ण मरीन ड्राइव्ह एका ओळीत लागतात आणि जुना किल्ला, त्याचं मैदान आणि नंतरचा भराव हा क्रम पायांखालून जातो. गाडीतून फिरताना चढ जाणवत नाही, धावताना श्वास सांगतो. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते. तीत परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना, पेडर रोडचा चढ लागतो आणि मुंबई सपाट आहे हा समज तिथे संपतो. वेळेचाही मुद्दा आहे. सकाळी उजाडताच डी. एन. रोडवर मान वर करून कमानी बघता येतात. दहा वाजता त्याच पदपथावर समोरच्याचा धक्का चुकवण्यातच लक्ष जातं. तेव्हा सकाळी धावताना जागा हेरून ठेव आणि संध्याकाळी त्यातल्या एकीशी सावकाश चालत जा. दोन्हींत विरोध नाही.

केतकी : शिवाजी पार्क तुझ्या कसोटीत कसं बसतं? ते तर शहराच्या मधोमध आहे.

मावशी : काठ बाहेरच्या बाजूलाच असतो असं नाही. शहर स्वतःच्या आतही काठ आखून घेऊ शकतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्या त्याला किती पोषक ठरतात हे लक्षात आल्यावर १८९८ मध्ये सुधार मंडळ स्थापन झालं, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहती त्यातून आल्या. रुंद रस्ते, इमारतींमध्ये अंतर आणि मध्ये बागा. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सभोवतीचा पारसी वसाहतीचा भाग तर सकाळी मुद्दाम धावत पाहावा असा आहे. तिथल्या झाडांमागे ती वसाहत घडवणाऱ्या मंचेरजी जोशींसारख्या माणसांचे कष्ट आहेत. शिवाजी पार्कचं मैदान महापालिकेनं १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. दोन वर्षांनी, तेव्हा धरल्या जाणाऱ्या जन्मवर्षाप्रमाणे शिवाजी महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं झाल्याच्या निमित्तानं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं ते शिवाजी पार्क झालं. मैदानाभोवतीचा कट्टा सुमारे १.१७ किलोमीटरचा आहे. पाच फेऱ्या मारल्यास की सहा किलोमीटरच्या आसपास होतात. एका बाजूनं कट्ट्यावर बसलेले आजी-आजोबा, दुसऱ्या बाजूनं झाडांची सावली, आत तांबड्या मातीवर एकाच वेळी चाललेले क्रिकेटचे कितीतरी डाव. इथे समुद्राचं दृश्य नाही, पण एका वस्तीची अख्खी सकाळ दिसते, आणि पाहुण्याला ती दुसरीकडे सहज दिसत नाही. कोरड्या दिवसांत तिथली माती उडते एवढं मात्र ध्यानात ठेव. ज्याला धुळीचा त्रास आहे त्यानं वाऱ्याच्या दिवशी फाइव्ह गार्डन्सकडे वळावं.

केतकी : आणि तो नवा समुद्रकिनाऱ्याचा रस्ता? कोस्टल रोडच्या कडेचा पदपथ खुला झालाय असं वाचलं.

मावशी : हो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याचा बराचसा भाग लोकांसाठी खुला झाला. ही वाट प्रियदर्शनी पार्कपासून वरळीकडे जाते. रस्त्याच्या खालून काढलेल्या भुयारी मार्गांनी तिथे जावं लागतं, तेव्हा आत-बाहेर कुठून व्हायचं ते आदल्या दिवशी पाहून ठेव. ऊन चढल्यावर तिथे सावली जवळजवळ नाही, म्हणून लवकर जा. आणि धावताना जमिनीकडच्या बाजूला काय आहे तेही लक्षात असू दे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामध्ये पूर्वी समुद्राचं पाणी आत घुसायचं आणि भरतीला आजच्या मध्य मुंबईचा मोठा सखल भाग पाण्याखाली जायचा. अठराव्या शतकात गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत तिथे बांध घातला गेला, तो हॉर्नबी व्हेलार्ड. त्या बांधामुळे जी सखल जमीन कोरडी झाली तिच्यावरच पुढे १८८३ मध्ये महालक्ष्मीचं रेसकोर्स आलं. म्हणजे तुझ्या एका हाताला अठराव्या शतकातला बांध आणि पायांखाली एकविसाव्या शतकातला भराव. मुंबईचा काठ अजूनही सरकतो आहे, आणि तो सरकताना दिसण्याची सगळ्यात ठळक जागा हीच.

केतकी : पण हा काठ सरकतो तेव्हा कुणाचं तरी नुकसान होतच असेल. कोळीवाड्यांनी या रस्त्याला विरोध केला होता ना? मग आपण तिथे आनंदानं धावावं का?

मावशी : हा प्रश्न टाळून चालणार नाही. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांचं म्हणणं होतं की या रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर कमी ठेवलं तर होड्या सुरक्षितपणे ये-जा करू शकणार नाहीत. बऱ्याच संघर्षानंतर ते अंतर वाढवून १२० मीटर करण्यात आलं. त्यांची मागणी त्याहून अधिक होती. किनारा आपल्यासाठी दृश्य असतो, त्यांच्यासाठी कामाची जागा असते, आणि कामाचा हक्क आधीचा आहे. मी तिथे धावू नकोस असं म्हणणार नाही. तो पदपथ सार्वजनिक पैशातून झाला आहे आणि तो लोकांनी वापरला तरच लोकांचा राहील. पण वापरताना तो कुणाच्या पाण्यावर उभा आहे हे माहीत असावं. वागणंही त्याला धरून हवं. कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून, वाळत घातलेल्या मासळीच्या मधून किंवा ससून डॉकवर पहाटे लिलाव चालू असताना धावत जाऊ नये. माणसं टोपल्या घेऊन घाईत असतात आणि जमीन ओली असते. अशा जागी दिवसा, चालत, काही विकत घ्यायला जावं.

केतकी : आता अडचणीचं सांगते. तू म्हणतेस त्या जागा बहुतेक दक्षिणेकडच्या, आणि माझं हॉटेल अंधेरीला आहे.

मावशी : मग रोज दक्षिणेकडे जायचा हट्ट धरू नकोस. तासाभराच्या धावण्यासाठी दोन तास प्रवास केलास तर सवय दोन दिवसांत मोडेल. आपल्या मुक्कामाला सगळ्यात जवळचा काठ कोणता, एवढं शोधायचं. अंधेरीहून जुहूचा किनारा जवळ. तिथे ओहोटीची वेळ पाहून जा. भरतीच्या वेळी पाय रुतणारी मऊ वाळूच हाती लागते, ओहोटीला पाण्याजवळचा ओला पट्टा घट्ट असतो. भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून सोमवारी जुळलेली वेळ शुक्रवारी जुळत नाही. किनारा पाण्याकडे उतरता असतो, त्यामुळे एका पायावर ताण येतो. जितकं अंतर जाशील तितकंच परत ये, म्हणजे दोन्ही पायांचा हिशेब सारखा होतो. वांद्र्याला उतरलेल्यानं बँडस्टँड आणि कार्टर रोड धरावा, ठाण्यातल्यानं मासुंदा किंवा उपवन तलाव, नेरूळमधल्यानं ज्वेल ऑफ नवी मुंबई. ते नेरूळचं पाणी शोभेसाठी केलेलं नाही बरं. नवी मुंबईचा काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहे, म्हणून पावसाचं पाणी भरती ओसरेपर्यंत साठवायला सिडकोनं धारण तलाव केले. तिथेही धावण्याची वाट शहराच्या गरजेतूनच आलेली आहे.

केतकी : आणि जंगल? शहराच्या आत राष्ट्रीय उद्यान आहे हेच मला नवलाचं वाटतं.

मावशी : बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासाठी रविवार राखून ठेव. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं हे जंगल उरलं यामागे पाण्याचा मोठा वाटा आहे. वाढत्या मुंबईला पाणी हवं होतं. १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. तलावात स्वच्छ पाणी यायचं तर त्याच्या भोवतीचे डोंगर मोकळे आणि झाडीनं भरलेले ठेवावे लागतात. शहराची तहान जंगलाच्या कामी आली. मुख्य दरवाजापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे, झाडीतून जाणारा आणि शेवटाकडे चढत जाणारा. शेवटचा चढ मोठा आहे, सवय नसेल तर तेवढा चालत जा. वर खडकात कोरलेली शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं तिथे कोरीवकाम चालू होतं. लेण्यांबाहेरच्या पोढी, म्हणजे पाण्याची कोरीव टाकी, नीट बघ. कातळावर पडणारा पाऊस वाहून वाया जाऊ नये म्हणून बोटभर खोल चर खोदून तो पोढीत आणलेला आहे. सोपारा आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी इथे दानं दिली, ती ब्राह्मी लिपीतल्या लेखांत नोंदलेली आहेत. मुंबईची बेटं जोडली जाण्याच्या कितीतरी आधी इथे वस्ती होती, बंदरांशी नातं होतं आणि पाण्याचं नियोजन होतं, हे तुला त्या चरांपाशी कळेल.

केतकी : बिबट्यांचं काय?

मावशी : ते तिथे राहतात, पाहुण्या आपण आहोत. बिबट्या सहसा माणसाला टाळतो, पण पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा अंधार ही त्याच्या हालचालीची वेळ. म्हणून उजाडल्यावरच आत जा, मुख्य रस्ता सोडू नकोस, एकटी धावू नकोस आणि कानात गाणी लावू नकोस. सोमवारी उद्यान बंद असतं. दरवाजा उघडण्याच्या वेळा आणि नियम आधी विचारून घे. आरे वसाहतीच्या आतल्या रस्त्यांनाही हेच लागू आहे. त्या चढउतारांवर मुंबईकर वर्षानुवर्षं धावतात, पण नव्या माणसानं ओळखीच्या गटाबरोबरच जावं.

केतकी : मुंबईच्या हवेबद्दल हल्ली जे ऐकू येतं त्यानं मात्र भीती वाटते. प्रदूषण असताना धावणं म्हणजे आरोग्यासाठी आरोग्य घालवणं नाही का?

मावशी : आक्षेप रास्त आहे. धावताना आपण जास्त हवा आणि जास्त खोलवर घेतो, त्यामुळे वाईट हवा जास्त बाधते. हिवाळ्यात एक आणखी अडचण असते. रात्री जमीन थंड होते, वारा पडतो आणि गार हवेचा थर खालीच बसतो. दिवसाचा धूर-धूळ त्यात अडकून राहतो. समुद्रावरचा वारा दुपारकडे सुटतो तेव्हा हा धूर विरळ होतो. म्हणजे पहाटेची हवा नेहमीच शुद्ध असते ही आपली समजूत जानेवारीच्या मुंबईत खरी ठरेलच असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ हे अ‍ॅप आहे. निघण्यापूर्वी जवळच्या केंद्राचा निर्देशांक बघ. २०० च्या वर हवा ‘वाईट’ या गटात जाते. त्या दिवशी धावणं सोड, हॉटेलच्या व्यायामशाळेत जा. शंभर ते दोनशेच्या मध्ये असेल तर अंतर आणि वेग कमी कर आणि मोठ्या चौकांपासून, चालू बांधकामांपासून दूर राहा. इथेही काठाचाच फायदा आहे. समुद्राकडच्या पदपथाला निदान एका बाजूनं वाहनं नसतात. काठावर हवा शुद्धच असते असा दावा मी करत नाही. शहराच्या आतल्या रस्त्यापेक्षा तिथे धावणं कमी बाधक, एवढंच म्हणते.

केतकी : उन्हाची मला भीती नाही. अमरावतीत आम्ही चाळीसच्या वर पारा पाहतो.

मावशी : तिथेच फसगत होते. कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो आणि सुकताना अंग गार करतो. दमट हवेत घाम अंगावरच राहतो, वाहून जातो, पण गारवा देत नाही. त्यामुळे कमी तापमानातही शरीर जास्त तापतं. जानेवारी त्यातल्या त्यात सोपा, पण मे महिन्यात आलीस तर हा फरक चांगलाच जाणवेल. शरीराला दमटपणाची सवय व्हायला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात आणि तू त्याआधीच परतलेली असशील. म्हणून घड्याळातल्या वेगाकडे पाहू नकोस, बोलता येईल इतक्याच गतीनं धाव. नंतर नुसतं पाणी न पिता मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा शहाळं घे. पावसाळ्यात कधी आलीस तर मोठ्या भरतीच्या दिवसांचं वेळापत्रक बघ. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की मरीन ड्राइव्हचा कठडा ही उभं राहायची जागा नसते.

केतकी : आणि एकटी मुलगी, अनोळखी शहर, पहाटेची वेळ? आई पहिल्यांदा हेच विचारेल.

मावशी : तिला सांग की सुनसान जागेपेक्षा वापरातली जागा सुरक्षित असते. मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, कार्टर रोड इथे सकाळी चालणारे, व्यायाम करणारे, चहावाले, सफाई कामगार असे अनेक डोळे असतात. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, मेच्या अखेरीला सहाच्या आसपास. जानेवारीत साडेसहाला बाहेर पडलीस तरी बाकीचे धावणारे भेटतील, पाचला निघायची गरज नाही. जायची वाट आणि परतायची वेळ कुणाला तरी सांगून ठेव. आदल्या संध्याकाळी ती वाट एकदा चालून घे. एवढ्या तयारीनं भीती पुरती जात नाही, पण धोका बराच कमी होतो. आणि ज्या जागी बायका मोकळेपणानं धावतात ती जागा पुढच्या बाईसाठी अधिक सुरक्षित होते, याही कारणानं तू जावंस असं मला वाटतं.

केतकी : शेवटचा प्रश्न. काठ इतके मोलाचे असतील तर प्रत्येक तलावाभोवती, प्रत्येक किनाऱ्यावर धावण्याचा मार्ग का बांधू नये?

मावशी : कारण मार्ग बांधतानाच काठ मरू शकतो. पवईचं उदाहरण घे. तो तलाव १८९१ चा. त्याच्याभोवती महापालिकेनं सायकल आणि जॉगिंगसाठी मार्ग बांधायला घेतला, त्यासाठी तलावाच्या कडेला भराव पडू लागला. लोक न्यायालयात गेले आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं ते काम बेकायदा ठरवून काढून टाकायला सांगितलं. पाण्याला आणि पाणथळीतल्या जिवांना त्यांची जागा लागते, आपल्या व्यायामासाठी ती घेता येत नाही. दुसऱ्या बाजूला वांद्र्याचे किनारे बघ. बँडस्टँड आणि कार्टर रोडचे पदपथ रहिवाशांच्या संघटनांनी वास्तुरचनाकार पी. के. दास यांच्यासह उभे केले, आणि कार्टर रोडच्या कडेला खारफुटी आजही आहे. म्हणजे प्रश्न बांधावं की बांधू नये एवढाच नसतो. कुठे बांधलं तर काठ लोकांना मिळतो आणि कुठे बांधलं तर तो नाहीसा होतो, हे जागेगणिक ठरवावं लागतं. मुंबईत माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरही भरत नाही. ज्या शहरात ती इतकी कमी, तिथे उरलेल्या प्रत्येक काठावर कुणाचा ना कुणाचा डोळा असतो. तटाबाहेरचं मैदान, प्लेगनंतरच्या बागा, तलावांभोवतीचं जंगल हे सगळं टिकलं ते कधी गरजेनं, कधी शहाणपणानं आणि कधी लोक भांडले म्हणून. आठवड्यासाठी आलेली पाहुणी यात काय करणार, असं तू म्हणशील. तू या जागा वापरशील, स्वच्छ ठेवशील, आणि परत गेल्यावर अमरावतीत छत्री तलावाच्या काठाचा कुठला आराखडा पुढे आला तर त्यात पाण्याला किती जागा ठेवली आणि माणसांना किती, हे विचारशील. मोकळ्या काठाची किंमत एका शहरात कळली की आपल्या गावातल्या काठासाठी बोलता येतं.